आघातग्रस्त मन आणि योगसाधना : चंडीगडच्या निमित्ताने

1947 च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली, आणि पूर्व पंजाबपाशी राजधानी म्हणावी असे शहर उरले नाही. चंडीगडचा जन्म या अभावातून झाला. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी जागा निवडण्यात आली, 1951 साली ल कॉर्ब्यूझिए या वास्तुविशारदाकडे आराखड्याचे काम आले, आणि 7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले. हे नवे शहर गतकाळाच्या ओझ्यापासून मुक्त असावे, अशी पंडित नेहरूंची अपेक्षा होती. रस्ते, सेक्टर आणि इमारती यांच्यापुरती ती सफल झाली असे म्हणता येईल. परंतु त्या इमारतींत राहावयास जी माणसे आली, त्यांतील अनेकांनी घर, गाव आणि आप्त गमावले होते. आणि गमावताना जे पाहिले, ते बरोबर आणले होते.

त्या माणसांच्या मनःस्थितीची वैद्यकीय नोंद फारच थोडी झाली. वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांची वाटणी मात्र सरकारदरबारी व्यवस्थित झाली. लाहोरच्या इस्पितळातील हिंदू आणि शीख रुग्ण 1950 च्या अखेरीस अमृतसरला आणण्यात आले. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेमुळे तो प्रसंग साहित्यात अमर झाला. ज्यांना इस्पितळात जाण्याची पाळी आली नाही, परंतु रात्री दचकून उठणे, विशिष्ट आवाज कानी पडताच अंगाला कंप सुटणे, वर्षानुवर्षे एखाद्या विषयाचे नाव न काढणे हे ज्यांच्या नित्याच्या जीवनाचा भाग होऊन बसले, त्यांच्या दुःखाला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नावही नव्हते. आघातोत्तर तणावविकृती हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात 1980 साली आले. त्याला मुख्यतः व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव कारणीभूत झाला. पंजाबातील निर्वासितांचा नव्हे.

आघात सोसलेला प्रत्येक मनुष्य रुग्ण होतो, असा याचा अर्थ नाही. बहुसंख्य माणसे काम, कुटुंब, श्रद्धा आणि शेजार यांच्या आधाराने सावरतात. पंजाबने ज्या जिद्दीने आपला संसार पुन्हा उभा केला, ती यांची साक्ष आहे. प्रश्न उरतो तो न सावरणाऱ्यांचा. त्यांना आज उदार मनाने दिला जाणारा सल्ला एकच असतो : योग करा, ध्यान करा, मन शांत होईल. 21 जून 2016 रोजी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय योगदिनाचा मुख्य सोहळा चंडीगडच्या कॅपिटल संकुलाच्या प्रांगणात झाला आणि सहस्रावधी लोकांनी पंतप्रधानांसमवेत आसने केली. निर्वासितांसाठी उभारलेल्या राजधानीत हा सोहळा व्हावा, हा योगायोग सूचक होता. योगसाधनेने आघात खरोखर भरून येतो काय, आणि येत असेल तर तो कसा, हा प्रश्न मात्र असल्या सोहळ्यात कोणी विचारीत नाही. तो विचारणे आवश्यक आहे. कारण चुकीचे उत्तर घेऊन घरी गेलेल्या रुग्णाचे नुकसान होते.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे. मेंदूच्या अंतर्भागात बदामाच्या आकाराचा एक पेशीसमूह असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच तो इशारा देतो, अनुकंपी तंत्रिकासंस्था जागी होते, हृदय धडधडू लागते, स्नायू ताठरतात, श्वास उथळ व जलद होतो. धोका टळल्यावर मेंदूचा पुढील भाग परिस्थितीचा विचार करून हा इशारा मागे घेतो. आघातग्रस्त व्यक्तीत ही मागे घेण्याची क्रिया दुबळी पडते. घटना होऊन वीस वर्षे लोटलेली असतात, परंतु शरीराच्या लेखी ती आताच घडत असते. अशा व्यक्तीला ‘आता सर्व संपले आहे’ असे शंभर वेळा सांगूनही उपयोग होत नाही. तिच्या बुद्धीला ते केव्हाच पटलेले असते. पटलेले नसते ते छातीला, पोटाला आणि खांद्यांना.

योगाचे सामर्थ्य नेमके येथे उपयोगी पडते. हृदयाचे ठोके, पचन, घाम यांवर आपला थेट ताबा चालत नाही. श्वास ही या स्वयंचलित क्रियांपैकी अशी एकच क्रिया आहे की जी आपोआपही चालते आणि इच्छेनेही चालविता येते. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, बाहेर सोडताना ती किंचित मंदावते. या मंदावण्यामागे प्राणेशा तंत्रिकेचे कार्य असते. म्हणून दीर्घ आणि संथ उच्छ्वास हा शरीराशी त्याच्याच भाषेत बोलण्याचा एक मार्ग आहे. आसनांचेही तसेच. आघातग्रस्त मनुष्य पुष्कळदा आपल्या शरीरापासून दूर गेलेला असतो. तळपाय जमिनीला टेकले आहेत, हात उचलला आहे, पाठ ताणली गेली आहे, एवढी साधी जाणीवही त्याला परकी झालेली असते. ती हळूहळू परत येणे हा बरे होण्याचा आरंभ होय.

या विवेचनाला पुरावा काय? 2014 साली अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दीर्घकाळ उपचार घेऊनही ज्यांचा विकार हटला नव्हता, अशा 64 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग शिकविण्यात आला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ आरोग्यविषयक शिक्षण देण्यात आले. अखेरीस योगाच्या गटातील 52 टक्के स्त्रिया विकाराच्या व्याख्येबाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटातील 21 टक्के. हा परिणाम लहान नव्हे. मात्र यातील बहुसंख्य स्त्रियांवर अन्य उपचारही चालू होते. योग हा त्यांना जोड होता, पर्याय नव्हता, ही गोष्ट वृत्तपत्रांतील मथळ्यांत सहसा येत नाही. ध्यानाबाबतचा निष्कर्ष अधिक मर्यादित आहे. 2015 साली 116 माजी सैनिकांवर झालेल्या प्रयोगात सजगतेचे शिक्षण घेतलेल्यांना स्वतःच्या सांगण्याप्रमाणे अधिक बरे वाटले. तथापि निदानातून मुक्त झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. भारतापुरते बोलावयाचे तर 2008 च्या कोसी नदीच्या पुरानंतर बिहारमध्ये शर्ली टेल्स आणि सहकाऱ्यांनी 22 पूरग्रस्तांचा अभ्यास केला. आठवडाभर रोज एक तास योग केलेल्यांची उदासीनता उतरली. ज्यांनी तो केला नाही, त्यांची चिंता उलट वाढली. बावीस माणसांवरून सिद्धांत उभारता येत नाही, परंतु दिशा दिसते.

मराठी वाचकांना या ठिकाणी एका जुन्या आणि विस्मृतीत गेलेल्या कार्याची आठवण करून देणे उचित होईल. योगाला प्रयोगशाळेत नेण्याचा पद्धतशीर प्रयत्न स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून केला. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी कैवल्यधामच्या विनेकरांसह पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती तयार केली. तिच्यावरील निबंध 1966 साली ब्रिटनच्या मनोविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 1973 च्या निबंधात तर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी कठोर कसोटी लावली : एका गटाला ती पूर्ण पद्धती, आणि दुसऱ्या गटाला केवळ बाहेरून आसन-प्राणायामांसारख्या दिसणाऱ्या हालचाली. पूर्ण पद्धतीच्या गटाला अधिक लाभ झाला. हे रुग्ण आघातग्रस्त म्हणून निवडलेले नव्हते, म्हणून त्या निष्कर्षाचा येथे फार विस्तार करणे योग्य होणार नाही. परंतु योगाची स्तुती करण्यापेक्षा त्याची परीक्षा घेणे हाच त्याचा खरा सन्मान होय, हे त्या मंडळींनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते. आजच्या उत्सवी वातावरणात ही दृष्टी क्षीण झाली आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

ज्याला आज सजगता म्हणतात, त्याबद्दल भाषेच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 1979 साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स येथील वैद्यकीय महाविद्यालयात तिचा उपचार म्हणून उपयोग सुरू केला. तिचे मूळ बौद्ध साधनेत आहे. पाली भाषेतील मूळ शब्द ‘सति’. संस्कृतात तोच ‘स्मृती’. मराठीत तो शब्द वापरता येत नाही, कारण आपल्याकडे स्मृती म्हणजे आठवण, आणि आघातग्रस्ताची व्यथा तर आठवणीचीच आहे. औषध आणि व्याधी यांना एकच नाव पडावे, तसा हा प्रकार. म्हणून ‘सजगता’ हा शब्द पत्करावा लागतो. परंतु हा शाब्दिक गोंधळ प्रत्यक्षातील एका धोक्याकडे बोट दाखवितो. डोळे मिटून, मौन धरून, दीर्घकाळ अंतर्मुख होऊन बसावयास सांगितले, तर आघातग्रस्त माणसासमोर प्रथम तीच दृश्ये उभी राहतात, ज्यांपासून तो आयुष्यभर पळत आला. काहींचा त्रास यामुळे वाढतो. इगतपुरीसारख्या केंद्रांतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी अर्ज करताना मनोविकाराची माहिती विचारली जाते, ती उगीच नव्हे. गल्लोगल्ली भरणाऱ्या वर्गांत मात्र असे काही विचारण्याची रीत नाही.

आणि येथेच या विषयाचा मर्मबिंदू आहे. आघाताच्या क्षणी मनुष्याच्या शरीरावरील त्याचा अधिकार हिरावून घेतलेला असतो. त्याला काय हवे ते कोणी विचारलेले नसते. योग त्याला उपकारक ठरतो तो शांती देतो म्हणून नव्हे, तर हा अधिकार परत देतो म्हणून. व्हॅन डर कोक यांच्या प्रयोगात वापरलेल्या पद्धतीत शिक्षक आज्ञा देत नाही. ‘हवे असेल तर हात वर न्या, नको असेल तर राहू द्या, डोळे मिटा किंवा उघडे ठेवा’ अशी त्याची भाषा असते, आणि तो विद्यार्थ्याच्या अंगाला स्पर्श करीत नाही. याच्याशी आपल्या नेहमीच्या योगवर्गाची तुलना करून पाहावी. शिट्टीवर हालचाल, ध्वनिवर्धकावरील आज्ञा, चुकल्यास पाठीमागून येऊन खांदा दाबणारा शिक्षक! निरोगी विद्यार्थ्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे, तिच्या पाठीवर न विचारता पडलेला हात कितीही सद्‌हेतूचा असला, तरी तो तिच्या शरीराला जुनाच हात वाटू शकतो. सहस्रावधी लोकांनी एकाच आज्ञेवर आसन करणे हे आरोग्यप्रचाराचे साधन असू शकेल. त्याला आघातावरील उपचार म्हणणे ही भूल आहे.

या उपचाराला योग्य वाट कोठे सापडेल? उत्तर पुन्हा चंडीगडकडे नेते. 1962 साली तेथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली, आणि 1963 पासून डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी तिचा मनोविकार विभाग उभारला. विग यांचा जन्म 1930 चा, गुजराँवाला येथील. हे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले. भारतीय रुग्णाच्या मनाला त्याच्या परिचयाच्या कल्पनांतून भिडावे, असे त्यांचे मत होते. समुद्रापाशी आपले बळ विसरलेल्या हनुमानाला त्याची आठवण करून दिली जाते, या कथेवरून त्यांनी 2004 साली मानसोपचारावर निबंध लिहिला. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण यात आहे. 1975 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील रायपूर राणी या ग्रामीण विभागात प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या सामान्य कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखावयास शिकविले. घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याने काय विचारावे, कोणते औषध केंद्रावर द्यावे, कोणाला चंडीगडला पाठवावे, हे ठरवून दिले. या अनुभवाचा वाटा 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात आहे.

योगाला हीच वाट हवी. आज आरोग्य मंदिरांच्या रूपाने गावोगावी असलेल्या केंद्रांत योगवर्ग चालविण्याची तरतूद झालेली आहे; शिक्षक आहेत, जागा आहे. उणीव आहे ती रायपूर राणीच्या शिस्तीची. आघातावर विशेष लक्ष केंद्रित करणारे मानसोपचार हे आज सर्वांत भक्कम पुराव्याचे उपचार आहेत, आणि योगशिक्षकाने त्यांची जागा घ्यावयाची नाही. परंतु तेथपर्यंत पोचण्याआधीच ज्यांचे पाय अडखळतात, त्यांना तो हात देऊ शकतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, लैंगिक अत्याचार सोसलेल्या माजी सैनिक स्त्रियांना योगाचा लाभ मानसोपचाराइतकाच झाला, आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण योगाच्या गटात कमी राहिले. जेथे मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्यात एखादाच, तेथे ही गोष्ट मोलाची आहे.

त्यासाठी शिक्षकाला चार-सहा दिवसांचे जादा शिक्षण पुरे होईल असे समजू नये. स्पर्शापूर्वी अनुमती घेणे, डोळे उघडे ठेवण्याची मोकळीक देणे, दरवाजाकडे पाठ करून कोणाला न बसविणे या गोष्टी लवकर शिकविता येतात. वर्गात एखादी बाई श्वास सोडता सोडता एकाएकी रडू लागली, तर काय करावे आणि काय करू नये, हे शिकावयास मात्र अनुभवी मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली महिनोगणती काम करावे लागते. तशी देखरेख देऊ शकेल अशी संस्था चंडीगडमध्ये आहे, शासकीय योग महाविद्यालय त्याच शहरात सेक्टर 23 मध्ये आहे, आणि रायपूर राणी तेथून काही तासांच्याही अंतरावर नाही. या तिघांना एका अभ्यासक्रमात जोडण्याचे काम मात्र कोणीतरी हाती घ्यावयास हवे.