रोल घरीच धुवा!

‘फोटो धुवायला टाकले’ हा आपल्या घरांतला जुना वाक्प्रचार. लाँड्रीत कपडे टाकावेत तसे फोटो टाकायचे आणि घडी होऊन यायची वाट पाहायची. या सवयीवर माझा राग आहे, आणि आजच्या तरुण मंडळींवर तर जास्तच. आजोबांचा कॅमेरा गळ्यात अडकवून ही मंडळी दुधनीला येतात, मधुबन जलाशयात होडीत बसून कृष्णधवल रोल संपवतात, तो मुंबईच्या लॅबकडे धाडतात आणि मोबाईलवर आलेल्या स्कॅनवर खूश होतात. निगेटिव्ह परत मागायची आठवणही कित्येकांना राहत नाही. अरे बाबांनो, मग मोबाईलनेच का नाही काढलात फोटो?

निगेटिव्ह हा मूळ सातबारा. स्कॅन ही त्याची झेरॉक्स. नीट धुतलेली चांदीची प्रतिमा शंभर वर्षे सहज टिकते, रंगीत फोटोतले रंग त्याच्या आधीच उडतात. दमणगंगेवरच्या या धरणाने आदिवासींची घरे, शेते पाण्याखाली नेली. अशा एखाद्या अंगणाचा फोटो कुणाकडे असेल आणि त्याची फक्त प्रिंट उरली असेल, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी लागली की ते अंगण दुसऱ्यांदा गेले.

‘हे आपल्याला जमायचे नाही’ म्हणणाऱ्यांना मी फाळक्यांचे घर दाखवतो. दादासाहेब बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. म्हणजे तेही आपल्यासारखेच गुजराती शेजारातले मराठी. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाईंचे हात राबले, तेही सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून. तुम्हांला तर ३६ फोटोंची एक पट्टी धुवायची आहे!

अंधार मात्र पुरा हवा. सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदाला चालतो, फिल्मला नाही. रात्री गोधडीखाली रोल टाकीत भरला की पुढचे सारे उजेडात. डी-७६ डेव्हलपरचे गुपित कधीच उघडे झालेले आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. खरी अडचण आपल्या हवेची. हिशेब २० अंशांचा, आणि मे महिन्यात आमच्या हंड्यातले पाणीच तिशीला टेकलेले. टबात बर्फ घाला. पण डेव्हलपर गार आणि धुण्याचे पाणी गरम असे करू नका, जिलेटिनला सुरकुत्या पडतात. पाण्याची नासाडी होते म्हणाल, तर तीही नाही. हायपोनंतर टाकी तीनदा भरायची आणि अनुक्रमे ५, १०, २० वेळा उलटसुलट करायची, इल्फर्डवाल्यांची ही रीत आहे.

राहिला खर्च. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल केव्हाच इतिहासजमा झाला, परदेशी रोल महाग आहे, सगळे कबूल. पण एवढे पैसे मोजून काढलेली निगेटिव्ह परक्याच्या कचराकुंडीत जाऊ द्यायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जीवांना बाधते. तो बरणीत साठवा, त्यात स्टील वूल टाका, चांदी तळाशी बसते. जलाशयाकडे जाणाऱ्या ओहोळात ओतू नका. तिथली मासळी आपण आणि आपले शेजारीच खातो.