नैराश्यावरच्या उपचाराची चाचणी मोहोळ तालुक्यात घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. नैराश्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन माणूस येतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या नेतो आणि बहुतेक वेळा परत येत नाही. पुढे कधी भेटला की म्हणतो, "गुण नाही आला, सोडल्या." या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे जातात, हे त्याला कुणी शांतपणे सांगितलेलं नसतं. पुन्हा सोलापूर गाठायचं तर मजुरी बुडते, भाडं लागतं आणि घरचे विचारतात, "हातपाय धड आहेत, तुला झालंय तरी काय?"

गोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. अनेकांना त्यांनी उभं केलेलं मी पाहिलं आहे. पण अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, तेव्हा पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण साधारण एकतृतीयांश निघाले. बाकीच्यांना पुढचे उपचार करून पाहावे लागले, आणि त्यासाठी त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी होत होती. आमच्याकडे पहिल्या चिठ्ठीवरच उपचार थांबतो.

यावरचा एक मार्ग शेजारच्या गोव्यात तपासून झाला आहे. 'संगत' संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाचणी घेतली. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे सोडतीसारख्या पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातल्या डॉक्टरांचा थोडा सुधारलेला नेहमीचा उपचार दिला, दुसऱ्याला त्याच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तिथलीच, लोकांची भाषा बोलणारी माणसं निवडून त्यांना तयार केलं होतं. भेटींचं ध्वनिमुद्रण सगळे मिळून ऐकायचे आणि कुठे चुकलं ते एकमेकांना सांगायचे.

या भेटींत चालायचं काय, ते सांगतो. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी देवळात जाणं थांबतं, मग शेजारी जाऊन बसणं, मग रानातली फेरी. कामं सुटली की मन खचतं, मन खचलं की उरलेली कामंही सुटतात. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून ठरवतो की या आठवड्यात यातली कोणती एक गोष्ट पुन्हा सुरू करायची, कोणत्या वारी, किती वाजता. पुढच्या भेटीत ती झाली का, करताना कसं वाटलं, अडलं कुठे, याची विचारपूस होते. घरातली अडचणही समोर घेऊन तिच्यावर वाट शोधली जाते. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली होती, फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. कामाचे बुडणारे दिवस कमी झाले, जीव देण्याचे विचार कमी झाले, बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याची नोंद आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे २०१७ मध्ये छापलं.

त्याआधीच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच 'मानस' चाचणीत निम्मे दवाखाने सरकारी होते, निम्मे खासगी. तिथेही साध्या समुपदेशकांची मदत दिली होती. तिचा फायदा सरकारी केंद्रांत स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही. ही आपल्या खात्याच्या जमेची बाजू आहे. आपल्या राज्यातही अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवर काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

मोहोळ मात्र दर वेळी यादीबाहेर राहतं. नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाही, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, पण त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्रच नव्हता. शेतकऱ्यांसाठीचा आपला 'प्रेरणा प्रकल्प' विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात सोलापूर नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचा पूर आमच्या तालुक्यात शिरला. पिकांचे, घरांचे, जनावरांचे पंचनामे झाले. त्यानंतर ज्यांची झोप गेली, त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

माझी मागणी एका दिवसाच्या शिबिराची नाही. गोव्यात तपासलेला उपचार मोहोळ तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रीतसर चाचणी म्हणून आणा. सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांना त्यात घ्या. चाचणी एवढ्यासाठी की गोव्यात जमलं ते इथे तसंच जमेल, असं मी धरून चालत नाही. ऊसतोडीला आलेलं जोडपं कोपीत राहतं, पहाटेपासून फडात असतं आणि हंगाम संपला की निघून जातं. त्यांच्या सहा भेटी कुठे आणि किती वाजता होतील? सासू समोर बसली असताना सून काय बोलेल? निम्म्या भेटी फोनवर घेतल्या तर गुण तेवढाच येईल का? याची उत्तरं अंदाजाने देता येणार नाहीत, करून आणि मोजूनच कळतील.

हे काम आशाताईंच्या वह्यांत आणखी एक वही म्हणून टाकू नका. गोव्यातल्या समुपदेशकांना हेच काम होतं, म्हणून ते नीट झालं. इथेही वेगळी, पगारी माणसं नेमा. संमतीपत्र मराठीत लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. नाही म्हणणाऱ्याचा नेहमीचा उपचार थांबणार नाही, हे त्यात पहिल्या ओळीत असू द्या. ज्याच्या जिवाला धोका वाटतो, तो कोणत्याही गटात असो, त्याला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोहोचवण्याची गाडी ठरलेली हवी. समुपदेशनाच्या खोलीबाहेर मनोरुग्ण शब्दाची पाटी नको, इथे पाटी वाचून लोक परत फिरतात. चाचणीची नोंद सुरुवातीलाच देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स नोंदवहीत करा, आणि निकाल आमच्या ग्रामसभांत वाचून दाखवा. उपचार लागू पडला नाही, असा निकाल आला तरीही.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी दुकानात लावला आहे. फोनवर आधार मिळतो, पण आठवड्याला समोर येऊन बसणारा माणूस मिळत नाही.

चाचणीचे पैसे संपले की प्रकल्प आवरला जातो आणि शिकवून तयार झालेली माणसं दुसरीकडे जातात. म्हणून गुण आला तर समुपदेशकांची पदं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून कायम करू, असा लेखी निर्णय चाचणी सुरू होण्याआधीच घ्यावा. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्याआधी प्रशिक्षण पूर्ण झालं, तर पहिल्याच वर्षी टाकळी सिकंदर आणि अनगरच्या कारखान्यांवर येणाऱ्या तोडणी मजुरांनाही चाचणीत घेता येईल.

आपला,
मोहोळमधील एक औषधविक्रेता