धाकट्या भावाच्या आठवणीत



मागे एकदा रिठदला एका घरी सांत्वनाला जाणे झाले. कर्तासवरता धाकटा भाऊ गेला होता. थोरला ओसरीवर सुन्न बसून होता. तेराव्याला गावजेवण घालायचे, त्यासाठी व्याजाने पैसे उचलायचे, अशी भावकीत बोलणी चालली होती. "दादा, नाही केलं तर लोक काय म्हणतील?" असे तो आम्हाला म्हणाला. आम्ही त्याला उपदेश केला नाही. एका राजपुत्राची हकीकत सांगितली. तीच आज वाचक बंधू-भगिनींना सांगत आहोत.

आपले वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे हरिषेण राजा होता. हे राजघराणे काही बौद्ध नव्हते. वाशिमला १९३९ साली मिळालेल्या ताम्रपटात याच शाखेच्या राजाने ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद आहे. पण हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले आणि त्याचे पुण्य आपल्या आईवडिलांना अर्पण केले.

शेजारचे १७ क्रमांकाचे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिक घराण्यातील राजपुत्राचे. तेथील संस्कृत शिलालेखात त्याच्या घरची हकीकत कोरली आहे. ते दोघे भाऊ. धाकट्याचे नाव रविसांब. तो अकाली गेला आणि थोरला शोकात बुडाला. त्या शोकातच त्याला जगाच्या अनित्यतेची जाणीव झाली. मग त्याने आपली संपत्ती स्तूप आणि विहार उभारण्यात लावली.

याच लेण्यात एक चित्र आहे. राजपुत्र सिद्धार्थ बुद्ध होऊन, हाती भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूच्या दारी आले आहेत आणि यशोधरा चिमुकल्या राहुलला पुढे करून उभी आहे. घरातला माणूस दुरावल्याचे दुःख राजवाड्यालाही चुकलेले नाही.

कोणी म्हणेल, राजपुत्राचे ठीक आहे, त्याच्यापाशी खजिना होता. खरे आहे. तो खजिना कष्टकऱ्यांच्या घामातून भरला होता, आणि ज्या पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर पोखरला त्यांची नावे त्या लेखात नाहीत, हेही आपण विसरू नये. राजाचे गोडवे गाण्यासाठी ही हकीकत नाही. गेलेल्याच्या नावाने खर्च होणारा पैसा जिवंत माणसांच्या कामी यावा, एवढेच त्यातून घ्यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे, ते उगीच नाही. कर्जाच्या पंगतीतून गेलेल्या भावाला काहीच पोचत नाही. ते कर्ज फेडताना त्याच्याच बायकापोरांच्या ताटातली भाकरी मात्र कमी होते.

रिठदच्या त्या थोरल्या भावाने कर्ज काढले नाही. पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील झाले, आलेल्यांना साधा वरण-भात वाढला. पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च आपण करू, असे त्याने भावजयीला चारचौघांत सांगितले. भावकीतले काही जण तेव्हा रुसले.

पुतण्या शाळेत जातो आहे. धाकट्या भावाचे स्मारक आणखी कोणते हवे?

नमो बुद्धाय!