हप्ता आठवड्याचा, बंदी दोन महिन्यांची

१ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढलेल्या असतात. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांकडे विकायला म्हावरं नसतं. तरी गटकर्जाचा माणूस ठरल्या वारी दारात हजर! व्याज जास्त, अशी ओरड सगळेच करतात. माझ्या मते खरी अडचण हप्त्याच्या वेळापत्रकात आहे.

व्याज जास्त का, तेही समजून घ्या. दहा हजारांच्या कर्जालाही माणूस तेवढ्याच खेपा घालतो, जेवढ्या लाखाच्या कर्जाला. कंपनी स्वतः बँकेकडून व्याजाने पैसा उचलते. धंदा टिकवायचा तर हा खर्च कुठून तरी निघणारच. सोपा मार्ग म्हणजे नवीन गावात न जाता त्याच गावात, त्याच बाईला आणखी कर्ज द्यायचं.

हैदराबादला हेच झालं. एसकेएस, स्पंदना, शेअर, अस्मिता या सगळ्या तिथल्याच मोठ्या कंपन्या. एसकेएसने ऑगस्ट २०१० मध्ये ९८५ रुपयांना शेअर विकून सोळाशे कोटींवर रक्कम उभी केली. वसुली ९९ टक्के, म्हणून गुंतवणूकदार खूश. पण एकेका बाईवर तीन-चार कंपन्यांची कर्जं होती आणि एकीचा हप्ता दुसरीच्या पैशातून जात होता. अशी ९९ टक्के वसुली काय कामाची? आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारने अध्यादेश काढला. आठवड्याची वसुली बंद, दारात जायचं नाही. बघता बघता वसुली दहा टक्क्यांच्या आसपास आली. लोकांना वाटलं, सुटलो! पण कंपन्यांनी नवं कर्ज देणं थांबवलं आणि गरजवंत बाई परत सावकाराच्या ओट्यावर. (आपल्याकडे ‘कर्ज बुडवा’ म्हणणारे पुढारी हा भाग सांगत नाहीत.)

पुढे मालेगाम समिती बसली, रिझर्व्ह बँकेने नियम केले. एप्रिल २०२२ पासूनचे नियम आपल्या कामाचे आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज बिनतारण. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. आणि हप्ता किती दिवसांनी भरायचा, यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे सवड ठेवायची आहे.

हे शेवटचं कोणी मागतच नाही. पाच जणींच्या गटात एकीने तोंड उघडलं की बाकीच्या गप्प बसवतात, कारण कर्ज अडेल ही भीती. बोटमालकांनीही हा बायकांचा विषय म्हणून सोडू नये, डिझेल-बर्फाची उधारी कितीदा त्याच पैशातून भागते ते घरात विचारा.

मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून खुलं आहे. वेळेवर फेड केली तर सवलती धरून व्याज ४ टक्क्यांवर येतं. आधी तिथे अर्ज करा. गटकर्ज घ्यावंच लागलं तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: महिन्याचं उत्पन्न काढताना जून-जुलै धरलेत का, आणि त्या दोन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलून लिहून देता का?