उसनवारीचा वारसा

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात वीतभराहूनही लहान अशी एक कांस्यमूर्ती आहे. ती आहे पोसायडन या सागरदेवतेची. घडली रोमन साम्राज्यात आणि सापडली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. सातवाहनकाळी या भूमीचा व्यापार सातासमुद्रांपार पोहोचला होता, याची ती मूक साक्ष आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने प्रारंभीच्या बौद्ध कलेचे 'ट्री अँड सर्पंट' हे प्रदर्शन भरविले. त्यातील सव्वाशेहून अधिक कलाकृतींत ही मूर्तीही मानाने मांडली गेली. तेथे कोल्हापूर मालक होते आणि न्यूयॉर्क उसने मागणारे.

पुढच्याच वर्षी उलटे चित्र दिसले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर! साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्यामार्फत विलायतेस गेलेली ही वस्तू शिवछत्रपतींच्याच हातची का, याची ग्वाही ते संग्रहालयही देत नाही. तो निर्णय इतिहासकारांनी करावा. पण साताऱ्याची वस्तू साताऱ्यालाच मुदतीने मिळावी, हे शल्य प्रत्येक स्वाभिमानी मनाला बोचल्याखेरीज राहत नाही.

या दोन प्रसंगांचा बोध एकच आहे. वस्तू ज्याच्या हाती, तिची कथा सांगण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये आपल्याच विद्वानांनी केले आणि सापडलेला ठेवा गावातच राहिला. म्हणून आज कोल्हापूर देणाऱ्याच्या जागी आहे.

मात्र परकीयांना दोष देऊन आपले कर्तव्य संपत नाही. गारगोटीहून हाकेच्या अंतरावर भुदरगड उभा आहे. गडावर भैरवनाथ नांदतो आहे. जिल्ह्यात गावोगावी देवळांबाहेर वीरगळ ऊन-पाऊस सोसत आहेत. त्यांची नोंद कोणी केली? त्यांवर तेलरंग फासणारे हात लंडनहून आलेले नाहीत! आपल्या मुलांपैकी किती जणांनी तो पोसायडन प्रत्यक्ष पाहिला आहे?

वाघनखे परत मागण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे. पण मागणाऱ्याचा आवाज जपणाऱ्याच्या आचरणानेच बळावतो. शाखेची एक सहल, शाळेचा एक दिवस, कुटुंबाचा एक रविवार या कामी द्यावा. गावातील प्रत्येक वीरगळाची वहीत नोंद व्हावी. वारसा केवळ घोषणांनी टिकत नाही. तो टिकतो नित्य राखणीने.