चॅनलचा सातबारा कोणाच्या नावावर?

आपल्या समाजात एक नवी कमाई आली आहे, आणि तिच्यासोबत एक जुनी लबाडी नवे कपडे घालून आली आहे. पन्नाशीची बाई तांदळाच्या भाकरीपासून बिर्याणीच्या दमापर्यंत सगळे कॅमेऱ्यासमोर करून दाखवते. पन्नाशीचाच एखादा मेकॅनिक इंजिन उघडून आवाज कुठून येतो ते समजावून सांगतो. हात त्यांचे, बोलणे त्यांचे, तीस वर्षांचा अनुभव त्यांचा. चॅनल मात्र मुलाच्या ईमेलवर उघडलेले असते आणि पैसे मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या खात्यात जमा होतात. विचारले तर उत्तर ठरलेले आहे : "अम्मीला त्यातलं काय कळतं?"

अम्मीला कळत नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी ही कमाई काय आहे ते समजून घेऊ. महाराष्ट्रातला सामान्य मुसलमान हाताच्या कामावर जगत आला आहे. बागवान, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन ही आपल्या बिरादऱ्यांची नावेच धंद्यांची नावे आहेत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे यंत्रमाग याच हातांनी चालले. या हातांचा एक हिशेब आहे. चाळिशी-पन्नाशीत शिलाई करणाऱ्याचे डोळे अधू होऊ लागतात, गवंड्याची कंबर धरते, मागावर उभे राहणाऱ्याचे पाय सुजतात. शरीर माघार घेऊ लागते, पण कामाची जाण त्याच वयात सर्वांत पक्की असते. पूर्वी ती जाण उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची आणि उस्तादाला त्यातून मान मिळायचा, पैसा क्वचितच. आता शागिर्द उरले नाहीत. पोरे डिलिव्हरीच्या गाडीवर बसली आहेत. अशा वेळी आपले ज्ञान कॅमेऱ्यासमोर मांडून त्याचे दाम घेण्याची सोय झाली असेल, तर ती उस्तादी आहे, चाळा नव्हे. ही रोजी आहे आणि कष्टाची रोजी आहे.

वयाची अडचणही कोणी सांगू नये. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे सत्तरीच्या घरात असताना 'आपली आजी' या चॅनलमुळे घराघरांत पोचल्या. कॅमेरा नातवाने धरला, पण लोक आले ते आजीच्या हातच्या चवीसाठी. घरातल्या तरुणाची मदत घेणे यात काही गैर नाही. मदतनीस मालक होऊन बसतो, तिथे गैर सुरू होते.

आता पैसा कसा येतो ते पाहा. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न सुरू व्हायला किमान १,००० सदस्य लागतात आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जावे लागते, किंवा नव्वद दिवसांत छोट्या व्हिडिओंना १ कोटी व्ह्यूज मिळावे लागतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, छोट्या व्हिडिओंच्या वाट्यातले ४५ टक्के. खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी एक पिन टपालाने घरी येतो. १०० डॉलरचा टप्पा ओलांडला की रक्कम बँकेत जाते. हा सगळा प्रवास एका नावाचा, एका पत्त्याचा आणि एका बँक खात्याचा असतो. भाकरी कोणी थापली हे कंपनी विचारत नाही. खाते कोणाचे आहे एवढेच ती पाहते. म्हणजे इथे मालकी नात्याने ठरत नाही, नोंदीने ठरते. शेत कोणीही कसो, पीक सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याचे, हा अनुभव आपल्या गावांना नवा नाही.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा : घरचाच पैसा आहे, नाव कोणाचे का असेना. ठीक आहे. नाव कोणाचेही चालत असेल, तर अम्मीचे का चालत नाही? घरचाच पैसा असेल तर तो तिच्या खात्यात राहिला म्हणून घराबाहेर जाणार आहे का? "काय फरक पडतो" हे वाक्य ज्याच्या नावावर पैसा आहे तोच नेहमी म्हणतो.

फरक पडतो आणि फार पडतो. औषधाला, माहेरी द्यायला, जकातीला, हजसाठी बाजूला ठेवायला तिला स्वतःच्याच कमाईतून मागून घ्यावे लागते. तिच्या नावाने आयकर विवरण भरले जात नाही. उद्या मिक्सर-भट्टी घेऊन छोटा उद्योग काढायचा म्हटला, तर बँकेला दाखवायला तिच्याकडे उत्पन्नाचा कागद नसतो. आणि ती गेल्यावर? शरियतनुसार आईच्या मालमत्तेत मुलींचाही ठरलेला हिस्सा आहे. पण मालमत्ता आईच्या नावावर कधी आलीच नाही, तर हिस्सा कशातून काढणार? जमिनीच्या बाबतीत बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेण्याची रीत आपण पाहत आलो. निदान तिथे सही तरी मागावी लागत होती. इथे तीही तसदी उरलेली नाही.

ज्यांना या विषयात धर्म आठवतो त्यांनी तो पूर्ण आठवावा. सूरह निसामध्ये पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा स्पष्ट सांगितला आहे. बाईच्या कमाईवर ना नवऱ्याचा आपोआप हक्क, ना मुलाचा. हजरत खदीजा (रजि.) यांचे नाव आपण भाषणात घेतो, त्यांचा व्यवहार मात्र विसरतो. परंपरेनुसार त्या चाळिशीत होत्या तेव्हा मक्केत त्यांचा स्वतःचा व्यापार चालत होता. काफिले घेऊन दुसरे जात. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः त्यांचा माल घेऊन शामच्या बाजारात गेले होते. नेणाऱ्याला त्याचा मोबदला मिळे, पण माल, भांडवल आणि नफा खदीजांचा राहिला. काफिला आपण हाकतो म्हणून माल आपला, असे तिथे कोणी म्हटले नाही. आजच्या काळात कॅमेरा धरणारा मुलगा म्हणजे काफिला नेणारा माणूस आहे. त्याचे काम मोलाचे आहे. ते मालकाचे नाही, इतकेच.

मुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. चित्रण, जोडणी, मथळे, प्रतिक्रियांना उत्तरे हे खरे काम आहे आणि त्याचे दाम त्याला मिळालेच पाहिजे. चार आणे, सहा आणे, जे ठरेल ते. पण ते ठरवा आणि लिहा. कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर, साक्षीदार ठेवण्यावर. आपल्यात मात्र आप्तांशी लिखापढी करणे म्हणजे अविश्वास मानला जातो. भांडण आप्तांशीच होते, म्हणून लिहायचे असते.

तांत्रिक सबबही खोटी आहे. चॅनल आईच्या ईमेलवर उघडता येते आणि मुलाला यूट्यूब स्टुडिओतून व्यवस्थापक किंवा संपादक म्हणून परवानगी देता येते. तो स्वतःच्या फोनवरून सगळे काम करू शकतो. पासवर्ड, बँक खाते आणि मालकी आईकडे राहते. एवढे करायला दहा मिनिटे लागत नाहीत. लागते ती नियत.

नाव दुसऱ्याचे आणि चेहरा आपला, यातला धोकाही समजून घ्या. प्रायोजक येतो, रमीच्या नाहीतर सट्ट्याच्या अ‍ॅपची जाहिरात देतो, पैसे मुलगा घेतो आणि शिफारस अम्मीच्या तोंडून होते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा केला. त्याआधीही जुगार हा जुगारच होता. जुगारासारख्या वर्गांतल्या आपोआप येणाऱ्या जाहिराती आपल्या चॅनलवर बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. पण काय दाखवायचे आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती खाते आहे त्याचा. हलाल-हराम तिच्या माथी आणि बटण दुसऱ्याच्या हाती, हा कुठला न्याय?

"या वयात बाईने कॅमेऱ्यासमोर?" म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. तोंड दाखवायचे की फक्त हात आणि पातेले, हे ती ठरवील. तिच्या कमाईवर घराचा हप्ता फिटतो तेव्हा हीच मंडळी गप्प असतात. आणि महिन्याला लाख मिळवून देण्याच्या शिकवण्या विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. त्यांची कमाई बहुधा तुमच्या फीमधून होते.

या धंद्याच्या भरवशावर चालते काम कोणी सोडू नये. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या कित्येकांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. मूळ व्हिडिओ स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा, ग्राहकांचे नंबर वहीत ठेवा. अनुभव आपला असला तरी दुकान परक्याच्या जागेत आहे.

म्हणून मुलांनो, आज रात्री चॅनलच्या मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहा. तुमचे असेल आणि काम अम्मीचे किंवा अब्बांचे असेल, तर आपण होऊन बदला. जे मोडून-तोडून बदलता येत नसेल, त्याचा वाटा कागदावर लिहा आणि दर महिन्याला त्यांच्या खात्यावर टाका. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली आहे. अम्मीचा घाम चुलीपाशी सुकतो म्हणून तो घाम नाही, असे समजू नका.