शेवटच्या गाडीची टेकडी

दहा गाड्या एकाच टेकडीवरून गेल्या, असं ताफा नेणारा संध्याकाळी टायरमध्ये हवा भरता भरता सांगतो. तसं कधी होत नाही. पहिली गाडी ज्या चढावर जाते, तो वाऱ्याने रात्रभर घट्ट करून ठेवलेला असतो. दहावीच्या वाट्याला येतो तो नऊ गाड्यांनी उकरलेला चढ: वीतभर खोल चर, खचलेला माथा आणि नेमकी जिथून गती घ्यायची तिथली भुसभुशीत झालेली वाळू. पुढे जाणाऱ्या लीडने टेकडी पाहिलेली असते, शेवटी राहणाऱ्या स्वीपने तिचे अवशेष पाहिलेले असतात, आणि दोघं एकाच रेडिओवर एकाच वाटेबद्दल बोलत असतात.

ऑक्टोबर सरत आला की दुबई, शारजा, अबुधाबीतले आपले वाचक गॅरेजमधून झेंड्याच्या काठ्या बाहेर काढतात. लहबाब, अल बदायर, फॉसिल रॉकच्या आसपासची वाळू आणि थंडी पडली की लिवा. २०२२पासून अमिरातीतली सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, तेव्हा शुक्रवारी पहाटे निघणारे ताफेही सरकले. शिकवण्याची रीत मात्र जागची हललेली नाही. पुढच्याच्या चाकोरीत चाक ठेव, अंतर राख, रेडिओवर कमी बोल. पहिल्या काही फेऱ्यांत ही रीत नवख्याला तारते हे खरं आहे. पुढे तीच त्याला अडकवून ठेवते, आणि तिचा भुर्दंड ताफ्याची शेपटी भरते. या हंगामात शिकवण्याची सुरुवात शेपटीकडून करा, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. त्याची कारणं जरा सविस्तर मांडतो.

वाळू कुठे भरवशाची आणि कुठे दगाबाज, याचा शास्त्रशुद्ध हिशेब राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९४१मध्ये पुस्तकरूपाने मांडला. १९२०च्या दशकापासून तो आणि त्याचे सोबती फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत होते. टायरमधली हवा कमी करणं, फसलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवणं या आपल्या आजच्या सवयी त्या मंडळींनी रुळवल्या. पुढे १९४०मध्ये युद्धासाठी उभी राहिलेली लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी याच अनुभवावर चालली. बॅग्नोल्डचा एक मुद्दा प्रत्येक लीडने पाठ करावा असा आहे. वाऱ्याकडच्या बाजूला कण उड्या मारत येतात, आपटतात, फटीत बसतात. म्हणून तो उतार मंद, साधारण दहा-पंधरा अंशांचा, आणि दाबून बसलेला असतो. माथा ओलांडून पलीकडे पडलेले कण मात्र घसरत जातात आणि जिथे घसरणं थांबतं तिथे राहतात. तो उतार ३२ ते ३४ अंशांचा असतो आणि आतून सैल असतो. शाळेत बारखणाची आकृती काढून ज्या दोन बाजूंना वाताभिमुख आणि वातविन्मुख लिहिलं, त्या याच. अमिरातीत मुख्य वारा वायव्येचा, शमाल. त्यामुळे ढोबळमानाने वायव्येकडून चढायचं आणि आग्नेयेला उतरायचं, हे बहुतेकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मोठ्या टेकड्यांच्या पोटात वारे भोवरे घेतात, तिथे हा नियम खुशाल मोडतो. पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

आता हे ताफ्याला लावून पाहा. पहिल्या गाडीला दाबून बसलेला थर मिळतो. दुसरीला तर काही वेळा पहिलीहून सोपं जातं, कारण सपाटीवर आणि मंद उतारावर पहिल्या चाकांनी वाळू आणखी दाबलेली असते. नवख्याला लीडच्या मागे दुसरं ठेवण्याचा प्रघात इथूनच आला आणि तो योग्य आहे. पण चढावर जिथे कुणाचं तरी चाक जागच्या जागी फिरलं, तिथे थर फुटतो. एकदा फुटला की पुढची प्रत्येक गाडी तो अधिक उकरते. सहाव्या-सातव्या गाडीला त्याच चढासाठी लीडपेक्षा जास्त गती लागते. ती जास्त गती घेऊन माथ्यावर पोचते तेव्हा माथा खाली आलेला असतो, कडा एका बाजूला ढासळलेली असते, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलण्याची जी जागा लीडने रेडिओवर सांगितली होती ती आता तिथे नसते. पाय लवकर उचलला तर गाडी पोटावर बसते, चारी चाकं अधांतरी. उशिरा उचलला तर गाडी माथा सोडून हवेत जाते आणि पलीकडच्या सैल उतारावर नाकावर उतरते. शिकाऊ घाबरला, असं आपण म्हणतो. त्याला सांगितलेली टेकडी आणि त्याच्या पुढ्यातली टेकडी वेगवेगळ्या होत्या, हे कुणी म्हणत नाही.

बारा गाड्यांचा ताफा घ्या. दोन गाड्यांत चाळीस मीटर अंतर धरलं, तरी शेवटची गाडी लीडच्या सुमारे साडेचारशे मीटर मागे राहते. सपाट रस्त्यावर हे काहीच नाही. टेकड्यांत मात्र या अंतरात तीन-चार माथे आडवे येतात आणि झेंडाही दिसत नाही. तेव्हा बारा गाड्या नेणारा माणूस प्रत्यक्षात चार-पाचच गाड्या नेत असतो. बाकीच्या मधल्या कुणाच्या तरी अंदाजावर चालतात. आमच्या मते शिकवण्याचा ताफा सहा-सात गाड्यांच्या वर जाऊ नये. जास्त लोक आले तर दोन लीड, दोन स्वीप. दोन स्वीप मिळत नसतील, तर त्या दिवशी तेवढे लोक नेऊ नयेत. नावं घेऊन झाली, आता नाही कसं म्हणायचं, ही अडचण आम्हालाही ठाऊक आहे. तरी नाही म्हणावं.

हवेचंही तसंच. रस्त्यावर ३५ पीएसआय असलेल्या टायरची हवा १५वर आणली की जमिनीला टेकणारा भाग दुपटीहून मोठा होतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो. अडीच टनांची गाडी वाळूवर राहते ती यामुळे. पण पहाटे गार टायरमध्ये घेतलेले १५ दुपारी, टायर तापल्यावर, १८च्या आसपास जातात. लीड नव्या वाळूवरून जात असतो, त्याला हा फरक जाणवत नाही. शेपटीला जाणवतो. तेव्हा दुसऱ्या विश्रांतीला गेज काढायचं ते शेवटच्या गाडीपासून. उलट दहाच्या खाली जाऊन बाजूच्या उतारावर जोरात वळलात तर टायर रिम सोडतो, ही दुसरी टोकाची चूक. फसलेली गाडी काढण्यापुरतं आठवर यावं, सपाटीवर आल्यावर पुन्हा भरावं.

महाराष्ट्रातून आलेल्या चालकांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या शिकाऊंत त्यांची संख्या बरीच असते. मावळात किंवा कोल्हापूरच्या बाजूला पावसाळ्यात थार घेऊन चिखलात खेळलेला माणूस वाळूत येतो तेव्हा त्याला निम्मं येत असतं, आणि बाकीच्या निम्म्याची अडचण होते. चिखलात चाक जोरात फिरवलं की खाचांतला गाळ उडून जातो आणि खाली कुठेतरी कठीण जमीन लागते. वाळूत खाली वाळूच असते, फिरलेलं चाक फक्त खड्डा करतं. त्याचे खोल नक्षीचे मड टायर तर फावड्याचंच काम करतात. साधे ऑल-टेरेन त्यापेक्षा बरे. घाटात वाढलेल्या पायाला ब्रेकची ओढ असते. इथे ब्रेक दाबला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा बांध उभा राहतो आणि निघताना तोच आडवा येतो. वाळूत थांबायचं ते पाय उचलून, गाडीला आपोआप थांबू देऊन, आणि शक्यतो तोंड उताराकडे ठेवून. तीव्र उतारावर ब्रेकने मागची बाजू वळायला लागली तर इलाज ॲक्सिलरेटर हाच. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस आपली थट्टा चालली आहे असं समजतो. त्याला हे सांगत बसू नका. छोट्या, वीस फुटी उतारावर शेजारी बसून करून दाखवा.

फसलेली गाडी काढण्यात ताफ्याचं खरं शिक्षण होतं आणि तिथेच आपण सर्वांत जास्त घाई करतो. पुढचे थांबलेत, ऊन चढतंय, म्हणून स्वीप थेट दोर काढतो. दोराआधी फावडं. चाकांभोवतीची आणि पोटाखालची वाळू हाताने काढली, हवा दोन-तीन पीएसआयने उतरवली आणि गाडी आपल्याच चाकोरीत सरळ मागे घेतली, तर बऱ्याच वेळा दोर लागतच नाही. लागलाच, तर काइनेटिक दोर ताणला जाऊन ओढतो आणि त्या ताणात साठलेली ताकद तुटलेल्या टोकाला मिळाली तर लोखंडाचा तुकडा गोळीच्या वेगाने येतो. टो बॉलला दोर अडकवणं म्हणजे जीवघेणा जुगार. त्यात जगभर माणसं गेली आहेत. दोर फक्त चासीवरच्या ओढणीच्या हुकात, मऊ शॅकलने. भोवतीची माणसं दोराच्या दीडपट लांबीपलीकडे, दोराच्या रेषेत कुणीही नाही, मोबाइलवर चित्रण करणारा मेव्हणा तर नाहीच. हे सगळं नवख्याने शेजारी उभं राहून पाहायला हवं. आपण त्याला ‘तुम्ही पुढे जा, आम्ही काढतो’ म्हणून पिटाळतो.

चढ अर्ध्यात सुटला तर काय, हेही शेपटीलाच जास्त माहीत असतं. वळायचं नाही. चढावर वळवलेली गाडी आडवी होते आणि आडवी झालेली गाडी उलटते. आलात त्याच चाकोरीत रिव्हर्स, स्टिअरिंग सरळ, ब्रेकला हलकाच पाय. त्यासाठी मागची जागा मोकळी असावी लागते. म्हणून पुढच्याचा झेंडा माथ्यापलीकडे नाहीसा होऊन रेडिओवर ‘क्लिअर’ येईपर्यंत मागच्याने चढ सुरू करायचा नाही. हा नियम सगळ्या गटांच्या कागदावर आहे. सकाळी अकरानंतर तो कितपत पाळला जातो, ते स्वीपला विचारावं.

अकराचा उल्लेख उगाच नाही. ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात आणि माथे सपाटीत मिसळतात. तीस फुटांचा खड्डा समोर असून दिसत नाही. पहाटेच्या दवाने बसलेली वाळूही तोवर सैल झालेली असते. शिकवणीचा ताफा तोपर्यंत डांबराला लागलेला बरा.

मग चाकोरीपलीकडचं शिक्षण कसं द्यायचं? आमच्या मते दोन-चार ताफे नीट केलेल्याला पुढे काढावं. लहबाबच्या बुटक्या टेकड्यांत, एखाद्या वाडग्यासारख्या खोलगट भागात, अर्धा तास त्याने लीड करावं आणि खरा लीड त्याच्या मागे दुसरा राहावा. निघण्याआधी गाडीतून उतरून पायी माथ्यावर जावं. जिथे टाच घोट्यापर्यंत जाते तिथे चाक जाणार हे पायाला कळतं, आणि पलीकडे काय आहे ते डोळ्याला. घाफची झाडं, उंट, कुंपणामागचे संरक्षित भाग आणि लिवाकडच्या टेकड्यांमधली सबखा हेसुद्धा पायी गेल्यावरच दिसतं. सबखाचा मिठाचा पापुद्रा वरून कोरडा वाटतो, पण पावसानंतर खाली चिखल धरून असतो. तिथे कोल्हापूरचा अनुभव कामी येईल, पण तो कामी येऊ नये हेच बरं.

यावर हरकत येणार हे आम्ही धरून आहोत. शिकाऊला पुढे घातलं आणि गाडी उलटली तर जबाबदार कोण? हरकत रास्त आहे, आणि म्हणूनच ती टेकडी बुटकी हवी, ताफा लहान हवा आणि शेजारच्या सीटवर अनुभवी मार्शल हवा. पण चाकोरीत फिरून फिरून एखाद्याला मधल्या दर्जाचा बिल्ला दिला आणि त्याने पुढच्या महिन्यात मित्राबरोबर दोनच गाड्या घेऊन, चाकोरीच नसलेल्या वाळूत, लिवातल्या तल मोरीबच्या वाटेवर स्वतःचा ताफा काढला, तर त्या अपघाताची जबाबदारी कुणाची? गटाच्या कागदावर ती कुणाचीच नसते. आम्हाला ती शिकवणाऱ्याची वाटते.

आणि लीड होऊ पाहणाऱ्यांनी एक हंगाम मागे काढावा. निम्म्या गटांत स्वीप हे काम ज्याची गाडी जोरदार त्याला दिलं जातं, आणि लीड ज्याचा आवाज मोठा त्याला. ताफा पाठीमागून पाहिलेल्या माणसालाच कळतं की आपण निवडलेली देखणी वाट सातव्या गाडीला परवडणार नाही, आणि ज्या चढाला दोन पर्याय आहेत तिथे शेपटीसाठी दुसरा राखून ठेवावा लागतो. लीडसाठी परीक्षा घेणाऱ्या गटांना आमची सूचना अशी: अर्जात ‘किती ताफे नेलेत’ या रकान्याच्या आधी ‘किती ताफ्यांत शेवटी राहिलात’ हा रकाना घाला, आणि त्यावर सही त्या दिवशीच्या सर्वांत नवख्या चालकाची घ्या.